घरच्या इथेनॉलसाठी गोड ज्वारी घ्यावी की मका?

टनामागे उतारा बघितला तर मका सहज जिंकतो. एक टन दाण्यांतून मोठे कारखाने 400 लिटरच्या आसपास इथेनॉल काढतात; गोड ज्वारीच्या एक टन धाटांतून साध्या चरकावर 30 ते 40 लिटर निघालं तरी पुष्कळ. पण हा हिशेब फसवा आहे. चांगल्या शेतात धाटं हेक्टरी 40 टनांपर्यंत येतात, मक्याचे दाणे त्याच्या जवळपासही नाहीत. शिवाय ज्वारीचं कणीस वेगळं हाती राहतं.

कामाच्या दृष्टीने ज्वारी सोपी. रसात साखर तयारच असते. यीस्ट घातलं की दोन-तीन दिवसांत तो आंबतो. मक्यात असतो स्टार्च, त्याची आधी एन्झाइमने (विकरांनी) साखर करावी लागते. तो दळा, शिजवा, 85-90 अंशांला एक एन्झाइम घाला, 60 अंशांवर आणून दुसरं घाला, गार करा, मग कुठे यीस्ट. एन्झाइम विकत आणायची आणि जळणही जास्त. ज्वारीचं चिपाड वाळवलं की भट्टीखाली तेच चालतं. मक्याचा उरलेला चोथा मात्र जनावरांना उत्तम.

खरी अडचण वेळेची आहे. दाणा चिकातून टणक होत जातो तेव्हा धाटात साखर सर्वांत जास्त असते. तोडलेली धाटं लगेच गाळायची, कारण उन्हाळी हवेत रस काही तासांतच आंबट पडू लागतो आणि ती साखर जिवाणू खातात. मका नीट वाळवून पोत्यात भरला की महिनोन्‌महिने थांबतो. म्हणजे ज्वारीचा चरक आणि टाक्या हंगामातले काही आठवडे रात्रंदिवस चालणार, उरलेलं वर्ष रिकाम्या. पेरणी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने केली तर ताण विभागतो. रस आटवून काकवी करून ठेवता येते, पण त्यात जळणाची बचत गेलीच म्हणायची.

उसाचा विचार मनात असेल तर पाणी मोजा. ज्वारी चार महिन्यांत निघते. ऊस वर्षभर रान आणि पाणी अडवतो.

ऊर्ध्वपातनापासून, म्हणजे आंबलेलं उकळून इथेनॉल वेगळं काढण्यापासून, पुढे दोन्ही पिकं सारखीच. नुसत्या ऊर्ध्वपातनाने, भट्टी कितीही चांगली असली तरी, साधारण 95-96 टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर उरलेलं पाणी झिओलाइटने (पाणी शोषून घेणाऱ्या खनिजाने) काढावं लागतं. परवाना दोन्हीला लागतो, तो आधी.

शेत आणि चरक जवळजवळ असतील, तोडणीच्या दिवसांत माणसं मिळणार असतील, तर मी ज्वारी घेईन. दाणे विकत घेऊन वर्षभर थोडं थोडं काम करायचं असेल तर मकाच बरा.