अंध श्रोत्यासाठी डॅब रेडिओ निवडताना

ब्रिटनमधील दुकानांत डॅब, म्हणजे डिजिटल प्रसारण पकडणारा, रेडिओ दाखवताना विक्रेता आधी रंगीत पडद्याचे कौतुक सांगतो. अंध श्रोत्याला त्याच भागाचा उपयोग सर्वांत कमी. जुन्या एफएम रेडिओवर गोल बटण किती फिरवले की कोणते केंद्र लागते, हे हाताला ठाऊक असे. डॅबमध्ये अनेक केंद्रे एकाच वारंवारतेवर एकत्र येतात (बीबीसीची राष्ट्रीय केंद्रे 225.648 मेगाहर्ट्‌झवर आहेत) आणि श्रोत्याला नावांच्या यादीतून निवड करावी लागते. केंद्रांचा नव्याने शोध घेतला की ती यादी बदलते, त्यामुळे खटके मोजून बीबीसीचे ‘रेडिओ फोर’ केंद्र गाठण्याची युक्ती फार काळ चालत नाही.

लेस्टरला राहणाऱ्या आमच्या अंध काकांसाठी आम्ही आधी एक साधा रेडिओ घरी आणून पाहिला. त्याची बटणे सपाट आणि स्पर्शाने चालणारी होती, म्हणजे बटण कोठे आहे हे चाचपायला बोट फिरवले तरी केंद्र बदलायचे. सुरू केल्यावर आवाज येण्यास काही क्षण लागत; तोवर काहीच ऐकू न आल्याने काका पुन्हा बटण दाबत आणि रेडिओ बंद होई. तो परत केला.

नंतर घेतलेला बोलका रेडिओ केंद्राचे नाव, वेळ आणि मेनूतील पर्याय मोठ्याने सांगतो. मला त्याहूनही मोलाची वाटली ती त्याची चार स्वतंत्र, उठावदार प्रीसेट बटणे (एकेका बटणावर आवडते केंद्र साठवता येते), कारण रोजच्या ऐकण्यात मेनूत शिरण्याची वेळच येत नाही. अंध श्रोत्यांसाठी 1961 पासून चालू असलेला ‘इन टच’ हा कार्यक्रम ज्या रेडिओ फोरवर लागतो, ते केंद्र काकांनी पहिल्या बटणावर ठेवले आहे. एक दोष मात्र अक्षम्य आहे: बोलण्याची सोय सुरू करण्याचा पर्याय पडद्यावरील मेनूतच दडवला आहे, म्हणजे पहिल्या दिवशी कोणा डोळसाची मदत घ्यावीच लागते.

जुना रेडिओ स्वस्तात मिळत असेल, तर तो डॅब प्लस ही डॅबची सुधारित पद्धत पकडतो का, हे आधी विचारावे; अनेक खासगी केंद्रे आता केवळ त्याच पद्धतीने प्रसारित होतात. आर्थिक अडचण असलेल्या नोंदणीकृत अंध श्रोत्यांना ‘ब्रिटिश वायरलेस फॉर द ब्लाइंड फंड’ ही संस्था सुलभ रेडिओ विनामूल्य वापरायला देते, तेव्हा खरेदीपूर्वी तिच्याकडे चौकशी करावी.