व्हिसलर बाईक पार्क: जंपचा स्पीड समजून घ्यायचा असेल तर इथे जा

एमटीबीवर (माउंटन बाइकवर) जंपला घाबरणारे बहुतेक लोक उंचीला घाबरत नाहीत, त्यांना स्पीड किती धरायचा तेच कळत नसतं. कमी पडला तर लँडिंगच्या, म्हणजे उतरायच्या उताराच्या, वरच्या कडेवर आपटायचं, जास्त झाला तर उतार ओलांडून थेट सपाटीवर पडायचं, आणि बरोबर स्पीड कुठला ते लिपवर, म्हणजे जंपच्या उडायच्या चढावर, चढेपर्यंत लक्षात येत नाही. व्हिसलरच्या बाईक पार्कचा हा रिव्ह्यू मी फक्त या एका गोष्टीसाठी लिहितोय, बाकी डोंगर सुंदर आहे, गावात खायला सगळं मिळतं वगैरे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

थोडक्यात माहिती: कॅनडातल्या व्हँकुव्हरपासून साधारण १२० किमी, हायवे ९९ ने. लिफ्टने सायकल वर न्यायची आणि ट्रेलने खाली यायचं, १९९९ पासून हे पार्क चालू आहे, सीझन साधारण मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. २००४ पासून क्रँकवर्क्स हा माउंटन बाइकिंगचा फेस्टिव्हल इथे भरतो, जगातले मोठमोठे जंपवाले रायडर त्यासाठी येतात. ट्रेलना स्की सारखेच रंग आहेत, हिरवा सोपा, निळा मधला, काळा अवघड, आणि जंपच्या ट्रेलच्या पाटीवर नारिंगी खूण असते ती आधी बघून घ्या.

आता मुद्दा. पुण्यात वेताळ टेकडीवर वगैरे आपण जंप शिकतो म्हणजे काय, एखादा उंचवटा सापडतो, त्याच्या आधी दगड, नंतर खड्डा, दर वेळी अंदाज नव्याने बांधायचा, आणि जमलं तरी का जमलं ते कळत नाही. इथे निळा ट्रेल आहे क्रँक इट अप नावाचा, त्यावर एकामागून एक टेबलटॉप आहेत. टेबलटॉप म्हणजे लिप आणि लँडिंग यांच्या मध्ये खड्डा नसतो, सपाट माती भरलेली असते, त्यामुळे स्पीड कमी पडला तरी तुम्ही त्या सपाट भागावर उतरता, हात झिणझिणतात पण बहुतेक वेळा सायकल चालत राहते. आणि जंपचे आकार एकमेकांशी इतके जुळते आहेत की एका जंपला जे समजलं ते पुढच्याला लगेच लावून बघता येतं, खाली पोहोचलात की लिफ्टने परत वर जाऊन तेच पुन्हा करता येतं. हे मला दुसरीकडे एवढं नीट कुठेच मिळालं नाही.

स्पीडचं गणित एकदा डोक्यात बसवून घ्या, खूप फरक पडतो. उडीचं अंतर स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. समजा लिप ३० अंशांचा आहे आणि लँडिंग त्याच उंचीला आहे, तर ताशी ३० किमीने गेलात तर उडी साधारण ६.१ मीटर, २७ ने गेलात तर ५ मीटर आणि ३३ ने गेलात तर जवळपास साडेसात. म्हणजे फक्त ३ किमीच्या फरकाने एक मीटरच्या वर इकडचं तिकडे होतं, आणि हवेत तुम्ही एक सेकंदसुद्धा नसता. म्हणूनच "थोडासा ब्रेक लावला, काय होतंय" हे जंपला चालत नाही, तो थोडासा ब्रेकच तुम्हाला कडेवर नेऊन आपटतो. वजनाचा इथे काही संबंध नाही बरं का, जाड माणूस आणि बारीक माणूस एकाच स्पीडने लिप सोडून गेले तर सारखेच उडतात. फरक पडतो तो लिपवर पाय दाबून उडी घेतली की काही न करता नुसते गेलात याने, दाबून उडणारा कमी स्पीडमध्ये पार होतो.

ट्रेलवर हे सगळं दिसतं कसं ते सांगतो. बर्ममधून, म्हणजे बाहेरची बाजू उंच केलेल्या मातीच्या वळणातून, बाहेर पडलात की पुढच्या जंपपर्यंत थोडी सरळ जागा असते आणि गर्दीच्या दिवसांत तिथेच ब्रेक बंप तयार झालेले असतात, छोट्या छोट्या खळग्यांची रांग, घाबरलेल्या शेकडो लोकांनी तिथे ब्रेक दाबलेला असतो म्हणून. त्या बंपवर बोटं आपोआप लीव्हरवर जातात. माझा भाचा, वय सतरा, तिथेच मागून ओरडतो, "मामा, बर्मच्या आधी ब्रेक लाव, नंतर सोडून दे!" आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. जो काही स्पीड कमी करायचा तो बर्ममध्ये शिरायच्या आधीच, मग बर्म संपला की ब्रेक पूर्ण सोडायचा, नजर लिपवर नाही, लँडिंगच्या उतारावर. लिप चढताना ब्रेक दाबला की फोर्क (पुढचं सस्पेन्शन) दबतो, वजन पुढे जातं आणि सायकलचं नाक हवेत खाली पडतं, तो फार वाईट प्रकार.

दुसरी चांगली सोय म्हणजे कुणाच्या तरी मागे जाणं. जो माणूस ती जंप रोज मारतो त्याच्या मागे दोन-तीन सायकलींचं अंतर ठेवून जायचं, तो जिथे ब्रेक सोडतो तिथे सोडायचा. पण एक लक्षात घ्या, तो पाय दाबून उडत असेल आणि तुम्ही काही न करता नुसते जात असाल तर त्याचा स्पीड तुम्हाला कमी पडणार. पार्कचे कोच असतात, ते हे सगळं बघून सांगतात, पैसे असतील तर पहिल्या दिवशी तेच घ्या. पार्कमध्ये "प्री-राइड, री-राइड, फ्री-राइड" असं सांगतात, म्हणजे आधी हळू जाऊन सगळं बघा, मग परत जा, मग मनसोक्त उडा, आणि हे खरंच पाळा.

ए-लाइन हा काळा ट्रेल, तो खरा प्रसिद्ध आहे, जगभरातल्या पार्कांनी त्याची कॉपी केलीये. तिथे टेबलटॉप मोठे होतात आणि स्पीडही जास्त लागतो, पण तत्त्व तेच. बऱ्याच जंपना बर्ममधून स्पीड नेऊन सोडला की तो जवळपास बरोबरच निघतो, ज्यांनी बांधलंय त्यांचं हे कौशल्य आहे आणि मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो. क्रँकवर्क्सची एअर डाउनहिल रेस इथेच होते, त्यात जिंकणारे रायडर उंच उडत नाहीत, लिपवर गुडघे-कोपर मऊ ठेवून जंपचा धक्का शोषून घेतात आणि जमिनीलगत राहतात, कारण हवेत पेडल मारता येत नाही. ते एकदा बाजूला उभं राहून बघा, खूप शिकायला मिळतं. क्रँक इट अपवर सगळे टेबल आरामात पार होईपर्यंत मात्र ए-लाइनला हात लावू नका.

सायकल भाड्याने घेणार असाल तर सावध. मी गावातल्या एका दुकानातून घेतली होती, मागच्या शॉकचा रिबाउंड (दबल्यावर परत उसळायचा वेग) पार मोकळा सोडलेला, लिपवर सायकल अक्षरशः खालून लाथ मारायची आणि स्पीड बरोबर असूनही नाक खाली जायचं. त्यांना सांगितलं तर म्हणाले सगळ्यांना असाच देतो. असं असेल तर पार्किंगमध्येच सॅडलवर जोरात दाबून बघा, सॅडल सटकन उसळून तुमचा हात वर फेकत असेल तर रिबाउंड स्लो करून मागा, नॉबच्या दोन-चार क्लिकमध्ये सायकल वेगळीच वाटते.

तक्रारी आहेतच. तिकीट महाग आहे, वीकेंडला लिफ्टची लाइन मोठी असते, आणि काही लोक चक्क लँडिंगखाली उभे राहून गप्पा मारतात, ते बघून जीव घाबरतो. पाऊस पडून माती ओली आणि चिकट झाली की त्याच ब्रेक पॉइंटला स्पीड कमी पडतो, कोरडी कडक झाली की वाढतो, समोरून वारा असेल तर पुन्हा कमी. म्हणून कालचा अंदाज आज चालत नाही, रोज पहिली फेरी बघण्यातच घालवा.

जायचं असेल तर वीकडेला सकाळी जा, फुल-फेस हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड घालूनच. आणि मोठ्या जंप दुपारच्या आत उरकून घ्या, कारण दिवसभर उतरून हात दमले की बोटं ब्रेकवरून निघतच नाहीत, आणि सकाळी पार होणाऱ्या टेबललाच संध्याकाळी तुम्ही एक मीटर कमी पडता.