नावानिशी यादी की नुसता आकडा?

पावसाआधीच्या ग्रामसभेत तापाच्या सर्वेक्षणाचा विषय निघाला की आमच्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो, घरोघर फिरून नाव, वय, वाडी सगळं रजिस्टरात घ्या. दुसरा म्हणतो, कुठल्या वाडीत किती जण तापले एवढं कळलं तरी पुरे, नावं कशाला? यंदा हा निर्णय तुमच्या गावच्या आरोग्य समितीवर आला असेल, तर आधी आजार कुठला ते बघा. सगळ्यांना एकच माप लावलंत तर फसाल.

लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचं घ्या. लावणीच्या चिखलात उंदराच्या मुतातले जंतू पायाच्या जखमेतून शिरतात. ज्यांचे दिवस शेतात जातात त्यांना तो होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात. पण गरोदर बाईला ती गोळी चालत नाही, लहान पोरांनाही जपूनच. ‘खालच्या वाडीतले चाळीस जण शेतात उतरतात’ या आकड्यावरून आशाताईने गोळी कुणाच्या हातावर ठेवायची? शिवाय उपचाराला उशीर झाला तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, म्हणजे तापलेल्या माणसाच्या दारात पुन्हा जावंच लागतं. या आजारात लपवण्यासारखं काही नाही, नाव दिल्याने सोयरीक मोडत नाही. इथे मी बिनदिक्कत यादीच्या बाजूचा.

एचआयव्हीत पारडं उलटं फिरतं. आपल्याकडे 1998पासून देशभर जी पाहणी झाली, तिच्यात गरोदर बायकांच्या वेगळ्याच तपासणीतून उरलेलं रक्त नाव काढून टाकून तपासत. बदनामीची भीती नाही, आकडा खरा. पण जिच्या रक्तात विषाणू सापडला, त्या बाईला ते कळवायला वाटच नव्हती. ती कोण हे कुणालाच ठाऊक नसे. सरकारी औषध नव्हतं तोवर हे कसंबसं पटवून घेता येत होतं. 2004मध्ये मोफत औषधं सुरू झाली आणि तोच निनावीपणा टोचू लागला. म्हणून नाव न घेणं म्हणजे आपोआप सभ्यपणा, असं मी मानत नाही. या आजारात नाव घ्यावं, पण बाईच्या संमतीनं, आणि ते आरोग्य केंद्राच्या भिंतीबाहेर जाऊ नये. 2017चा एचआयव्ही-एड्स कायदाही संमती आणि गुप्ततेवरच उभा आहे. गाव समितीच्या वहीत हा रकाना नकोच.

आकडेवाल्यांना आणखी एक सांगायचंय. मुंबईत आकडा निनावी असतो. अठरा घरांच्या वाडीत ‘स्त्री, वय 34, नवरा मुंबईस, एक’ असं लिहिलंत की अख्ख्या वाडीला घर कळलं. छोट्या वाड्यांचे आकडे एकत्र करून गावाचाच एक आकडा द्या.

माकडतापाला दोन्ही पद्धती अपुऱ्या. कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात 1957 साली सापडलेला हा आजार 2016मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माणसांत दिसला. इथे पहिली खबर बहुधा मेलेलं माकड देतं. ते कुठे पडलंय हे लगेच कळवायचं, हात लावायचा नाही, कारण त्याच्या अंगावरच्या, हा आजार पसरवणाऱ्या गोचिडी खाली उतरून दुसरं अंग शोधतात. इथे माणसाचं नाव निघत नाही, गावाचं निघतं. ऐन काजूच्या हंगामात बातमी फुटली तर मजूर येतील का, होमस्टेला पाहुणे येतील का, अशी धास्ती असते आणि माकड गुपचूप पुरून टाकायचा मोह होतो. तो आवरा.

यादी करायचं ठरलंच, तर ती पुढे कुणाच्या हातात जाणार, यावर खरा वाद घाला. मी पाहिलेल्या एका गावात तापाची यादी संध्याकाळपर्यंत वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होती. पुढच्या फेरीत निम्म्या घरांनी ‘आमच्याकडे कोणाक ताप नाय’ म्हणून दार लावून घेतलं. 2020मध्ये हातावर शिक्का घेऊन आलेल्या चाकरमान्यांकडे गाव कसं बघत होतं तेही आठवा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017मध्ये आजारांच्या सर्वेक्षणातल्या नीतीवर सतरा मार्गदर्शक तत्त्वं दिली. नीट संरक्षण असेल आणि माहिती पूर्ण हवी असेल तर लोकांनी ती देणं हे कर्तव्य, असं त्यांत आहे; आणि ती माहिती ज्यांच्याकडून माणसावर कारवाई होईल अशांच्या हाती नावानिशी देऊ नये, हेही आहे. बंदरावरचे खलाशी, हापूसच्या बागांतले नेपाळी राखणदार यांना दुसरा भाग आधी सांगा. यादी पोलिसांकडे जाते एवढी कुजबूज झाली, तरी तापलेला माणूस केंद्राकडे फिरकणार नाही.

माझ्या वयाच्या एका बाईनं सर्वेक्षणाला आलेल्यांना विचारलं होतं, ‘नावां लिवन घेतलास, मगे औषध कधी देतलास?’ लेप्टोच्या यादीला तुमच्याकडे याचं उत्तर तारखेसकट असेल तर यादी करा, नसेल तर आकड्यावर थांबा. यादी केलीत तर कपाटाची किल्ली आरोग्यसेविकेकडे, सरपंचांकडे नव्हे, असं ठरावात लिहा. समितीकडची प्रत दिवाळीनंतर जाळायची. केंद्राचं रजिस्टर केंद्रात राहील.