जेकब बर्न्स फिल्म सेंटर, प्लेझंटव्हिल : लेकीमुळे सापडलेलं थिएटर

आधीच सांगते, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला प्लेझंटव्हिल गावात असलेल्या या थिएटरात आम्ही पोचलो ते काही पिक्चरच्या वेडापायी नाही. लेक तिसरीत होती, शाळेतून फॉर्म आला की मुलांना जेकब बर्न्सला नेणार आहेत, मी सही केली आणि विसरून गेले. मनात म्हटलं मजा आहे बुवा यांची, शाळेच्या वेळात पिक्चर.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना टीव्हीवर सिरीयल चालू होती, सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या म्हणजे सिरीयल चालू असणारच. तर आमची बया म्हणते, "आजी, ही काकू काही बोलतच नाहीये, मग कॅमेरा तीन वेळा तिच्या तोंडावर का गेला?" सासूबाई म्हणाल्या अगं तिला धक्का बसलाय. "हो, पण ते एकदाच दाखवलं तरी कळलं असतं ना." मी पोळी हातात धरून तशीच बसले.

तेव्हा मग चौकशी केली. यांचा 'सी हिअर फील फिल्म' म्हणून एक प्रोग्रॅम आहे, खास तिसरीच्या मुलांसाठी, शाळेचे वर्गच्या वर्ग थिएटरात आणतात, जगभरातल्या शॉर्ट फिल्म दाखवतात आणि मग गोष्ट कशी सांगितली यावर मुलांना बोलायला आणि लिहायला लावतात. पिक्चरचं तात्पर्य काय, असला प्रकार नाही, तुला काय दिसलं, काय ऐकू आलं, मग तुला तसं का वाटलं, असं. आता मला सांगा, आपण पोरांना गणिताच्या क्लासला आणि स्पेलिंग बीला पळवतो, पण दिवसभर ती जे बघत असतात ते कसं बघायचं हे कोण शिकवतं?

बिल्डिंगची पण गोष्ट आहे. 1925 चं जुनं रोम थिएटर, म्हणजे मूकपटांच्या जमान्यातलं, 1987 मध्ये बंद पडलं. पुण्यामुंबईत अशी किती थिएटरं बंद पडली आणि त्यांचं पुढे काय झालं ते आपण बघितलंच आहे. इथे स्टीव्ह ॲपकॉन नावाच्या माणसाने ते परत उभं करायचं मनावर घेतलं, पैसे गोळा केले, जेकब बर्न्स नावाच्या वकिलाच्या फाउंडेशनने मोठा हात दिला म्हणून त्याचं नाव, आणि 2001 मध्ये ते परत सुरू झालं. आता पाच स्क्रीन आहेत. नॉनप्रॉफिट आहे, म्हणजे नुसत्या तिकिटांवर चालत नाही, मेंबर लोक आणि देणग्या यांचा आधार लागतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या जुन्या समीक्षक जॅनेट मॅस्लिन यांनी बोर्डाचं अध्यक्षपद सांभाळलंय, दिग्दर्शक जोनाथन डेमी होते तोवर तेही बोर्डावर असायचे आणि फारसे कुणी न बघितलेले सिनेमे स्वतः निवडून दाखवायचे.

2009 मध्ये यांनी जवळच मीडिया आर्ट्स लॅब बांधली, 27,000 स्क्वेअर फूट, आत एडिटिंगच्या खोल्या, ॲनिमेशन स्टुडिओ, साउंड रेकॉर्डिंग सगळं. लेकीने तिथे ॲनिमेशनचा कोर्स केला, मातीच्या बाहुल्या इंच इंच सरकवत फोटो काढायचे ते. कोर्स फुकट नसतात, फी भरताना नवऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं. पण चार सेकंदांच्या हालचालीला किती फोटो लागतात हे कळल्यापासून ती कार्टून बघताना मधेच पॉज करते आणि म्हणते, बाप रे, हे कोणी केलं असेल. मला तेवढ्यात पैसे वसूल वाटले.

आता मोठ्यांचं. कॉलेजात असताना पुण्यात लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात जाऊन बसायचे, अर्धं कळायचं नाही पण बाहेर येऊन चहावर तासभर वाद घालायचा, इकडे आल्यावर ते सगळं सुटलं. इथे बऱ्याच शोनंतर दिग्दर्शक किंवा कोणी जाणकार येऊन बोलतात, प्रश्न विचारता येतात. मी पहिल्यांदा हात वर केला तेव्हा घसा कोरडा पडला होता, पण शेजारच्या सत्तरीच्या आजी नंतर थांबून माझ्याशी बोलल्या. आमच्या घराजवळच्या मल्टिप्लेक्सात (नाव नको) एवढ्या जाहिराती लावतात की पिक्चर सुरू होईपर्यंत पॉपकॉर्न संपलेले असतात, आणि नंतर एकमेकांशी बोलणं सोडाच, जो तो पार्किंगकडे पळतो.

मसाला पिक्चर, मोठे स्टार, शिट्ट्या असं हवं असेल तर मात्र इथे येऊ नका. परदेशी, सबटायटलवाले, डॉक्युमेंटरी, जुने क्लासिक असा सगळा मामला असतो. आमचे हे एका संथ पिक्चरला इंटरव्हलची वाट बघत बसले होते. इथे इंटरव्हल नसतो हे कळल्यावर शांतपणे झोपले, आणि वर घरी येऊन म्हणतात सीट चांगल्या आहेत.

न्यू जर्सी, क्वीन्सकडच्या मंडळींनी गाडीच्या भानगडीत पडू नका, ग्रँड सेंट्रलवरून हार्लेम लाइनची ट्रेन पकडा, तासाभरात प्लेझंटव्हिल, स्टेशनपासून थिएटर अगदी चालत. परतीची ट्रेन आधी बघून ठेवा, कारण पिक्चर संपल्यावर लगेच निघवत नाही. सासूबाईंना शेवटच्या आठवड्यात घेऊन गेले होते, सबटायटल वाचायला चष्मा विसरल्या तर लेकीने कानात कुजबुजत सगळा पिक्चर मराठीत सांगितला, आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघितलं, ओरडायला नाही, हसायला.