ओकिनावाला लहान मुलांना घेऊन जाताय? गाडी, मोनोरेल, बस की टॅक्सी

पाच-सहा वर्षांखालची मुलं घेऊन जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावाला जाणार असाल तर आधी राहणार कुठे ते ठरवा आणि मग गाडीचं बघा. बरेच जण उलटं करतात, स्वस्त दिसली म्हणून आठवडाभराची गाडी बुक करतात आणि हॉटेल घेतात नाहा या तिथल्या मुख्य शहरात, मग रोज पार्किंगचे पैसे भरा आणि सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये बसा, मागच्या सीटवर मूल रडतंय. माझं मत सरळ आहे, नाहामध्ये असेपर्यंत गाडी नको आणि नाहा सोडलं की गाडीशिवाय नको.

कारण असं की ओकिनावाचं मुख्य बेट उत्तर-दक्षिण शंभर किलोमीटरच्या वर लांब आहे आणि रुळावर चालणारं म्हणाल तर एकच, युई रेल ही मोनोरेल. एअरपोर्टपासून तेदाको-उरानिशीपर्यंत 17 किलोमीटर, 19 स्टेशनं, झालं. त्याच्या पुढे बस नाहीतर गाडी.

पण ती 17 किलोमीटर मुलांसाठी फार छान आहेत हो. स्टेशनला लिफ्ट आहे, स्ट्रोलर तसाच आत ढकलत न्यायचा, सहा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर तिकीट लागत नाही. आपल्या तिकिटावर क्यूआर कोड असतो, तो गेटवर टेकवायचं काम मुलाकडे द्या, आणि रिकामी मिळाली तर एकदम पुढची सीट पकडा, तिथून ड्रायव्हरच्या काचेतून समोरचा रूळ दिसतो, वळणावर सगळं शहर तिरकं होतं आणि मुलं हलतच नाहीत तिथून. एअरपोर्टहून केन्चो-माए, म्हणजे कोकुसाई-दोरी या मुख्य बाजाररस्त्याचं एक टोक, पंधरा मिनिटांच्या आत येतं. एक दिवसाचा पास घेतला तर तो काढल्यापासून 24 तास चालतो, त्यामुळे दुपारी काढलेला दुसऱ्या दिवशी सकाळीही वापरता येतो. शुरी किल्ल्याला मात्र स्टेशनवरून बऱ्यापैकी चालायचंय, वर चढ आणि दगडी पायऱ्या, तिथे स्ट्रोलरपेक्षा पोटाशी बांधायचं कॅरिअर बरं.

बसचं म्हणाल तर एकट्या माणसाला ठीक, दोन छोट्या मुलांबरोबर मी तरी सुचवणार नाही. बहुतेकांना चुराउमी अ‍ॅक्वेरियम बघायचंच असतं, ते बेटाच्या उत्तरेला मोतोबुमध्ये, एअरपोर्टपासून साधारण 90 किलोमीटर. गाडीने हायवेवरून दोन तास, बसने अडीच-तीन तास धरा, थेट बसही आहेत पण मध्ये बाळाचा डायपर बदलायचाय म्हणून बस थांबणार नाही. स्ट्रोलर घडी घालून ठेवा, चढताना नंबरची चिठ्ठी घ्या, उतरताना समोरच्या बोर्डवर त्या नंबरखाली आलेले पैसे टाका, हे सगळं झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन करायचं. ज्यांना गाडी चालवायचीच नाही त्यांनी मग मुक्काम एखाद्या रिसॉर्टला करावा जिथे एअरपोर्टची बस दारात येते, आणि दोन-तीन दिवस समुद्रावरच काढावेत. तोही चांगला प्लॅन आहे, कमीपणाचा नाही.

आता गाडी. भारतातून येणाऱ्यांना सगळ्यात सोयीचं हे की जपानमध्येही डावीकडूनच चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे. (ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं तेव्हापासून तिथे उजवीकडून चालवायचे, 30 जुलै 1978 ला एका दिवसात सगळं बेट डावीकडे आलं, स्थानिक लोक अजून त्याला 730, म्हणजे सातव्या महिन्याची 30 तारीख, म्हणतात.) लागतं काय, तर आरटीओकडून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, कागदाची पुस्तिका, सोबत मूळ लायसन्स आणि पासपोर्ट. फोनमधलं डिजीलॉकर काउंटरवर दाखवून उपयोग नाही. हे तिकिटं काढल्यावर लगेच करून टाका, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

सहा वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट कायद्याने सक्तीची आहे. मांडीवर घेऊन बसते म्हणणं चालत नाही आणि चालू पण नये. सीट गाडीबरोबरच बुक करा, मुलाचं वय आणि वजन सांगून, कारण तान्ह्या बाळाची मागे तोंड असलेली वेगळी, एक ते चार वर्षांची वेगळी आणि त्याहून मोठ्या मुलांची बूस्टर वेगळी, सुट्ट्यांच्या दिवसात ऐन वेळी मागितली तर नको ती हातात येते. ताब्यात घेताना ती सीट दोन्ही हातांनी धरून हलवून बघा, बेल्टपाशी इकडेतिकडे सरकत असेल तर तिथल्या माणसाकडून परत घट्ट करून घ्या, ते न कुरकुरता करतात.

वेळेचा हिशोब करताना एक गोष्ट धरा, गाड्यांची ऑफिसं बहुतेक एअरपोर्टच्या बाहेर आहेत, शटल बसने जायचं, रांग, कागद, गाडीभोवती फिरून ओरखडे बघणं, विमान उतरल्यापासून तास-दीड तास आरामात जातो. म्हणून आल्या दिवशी दमलेली मुलं घेऊन हे करूच नये असं मला वाटतं. नेव्हिगेशनमध्ये पत्ता टाकत बसू नका, त्या ठिकाणचा फोन नंबर किंवा मॅपकोड (जपानी नेव्हिगेशनमधला त्या जागेचा आकडा) टाका, लगेच सापडतं. सिग्नल लाल असताना डावीकडे वळायचं नाही, उलट्या लाल त्रिकोणाच्या पाटीपाशी चाकं पूर्ण थांबवायची. आणि पाऊस पडला की वेग खरंच कमी करा, तिथल्या डांबरात चुनखडीची खडी असते, ओला रस्ता घसरडा होतो.

हायवे क्योदाला संपतो, तिथेच मोठं मिचि-नो-एकी, म्हणजे रस्त्याकाठचा विश्रांतीचा थांबा आहे, टॉयलेट, खाणं, मुलांना पाय मोकळे करायला जागा, अ‍ॅक्वेरियमच्या आधी तिथे थांबाच. अ‍ॅक्वेरियमला पार्किंग फुकट, पी7 सगळ्यात जवळचं, सहा वर्षांखाली तिकीट नाही. दुपारी परत येताना कोउरी बेटाला जाणाऱ्या पुलावरून जाऊन या, जवळजवळ दोन किलोमीटर नुसता समुद्र दोन्ही बाजूंना, टोल नाही.

टॅक्सी नाहामध्ये रात्री जेवून परत यायला किंवा पावसात उत्तम. टॅक्सीला चाइल्ड सीटची सक्ती नाही, म्हणजे बहुतेक वेळा सीट नसतेच, म्हणून जवळच्या अंतरालाच घ्या. उत्तरेपर्यंत टॅक्सी नको, पैसे तर जातातच आणि दोन तास मूल सीटशिवाय.

तर आठवडा असेल तर मी असं करेन, पहिले दोन दिवस नाहा, मोनोरेल आणि पायी, तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन ओन्ना किंवा मोतोबुला मुक्काम हलवायचा, आणि गाडी परत करून शेवटची रात्र पुन्हा नाहात, म्हणजे विमानाच्या दिवशी पेट्रोल भरून गाडी वेळेत पोचवायची धावपळ नाही.

ओकिनावातल्याच इशिगाकी या दूरच्या बेटावर जाणार असाल तर हिशोब बदलतो. तिथे बोटींच्या धक्क्याजवळ हॉटेल घेतलं तर गाडी एखाद दिवस बेट फिरायला पुरते, बाकी दिवस बोट. ताकेतोमी बेट पंधरा मिनिटांच्या आत, तिथे म्हशींची गाडी, मुलांना तेवढंच पुरतं. इरिओमोते बेटाच्या उएहारा धक्क्याच्या बोटी हिवाळ्यात वाऱ्यामुळे बऱ्याचदा रद्द होतात, त्या दिवसात त्याच बेटाच्या ओहारा धक्क्याची बोट धरा.