घर स्वतः रंगवलं, त्याला दहा महिने झाले: सोफ्यामागच्या पट्टीसकट सगळा अनुभव

परवा केर काढायला सोफा सरकवला आणि ती पट्टी पुन्हा पुरती दिसली. दुपारी चारनंतर खिडकीतून तिरपं ऊन आलं की भिंतीवर हातभर रुंदीचा पट्टा वेगळा उठून दिसतो. पाहुण्यांच्या लक्षात येत नाही, मला रोज दिसतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही दोघांनी डोंबिवलीच्या फ्लॅटचा हॉल आणि बेडरूम घरीच रंगवली. पेंटरने मालासकट ₹26,000 सांगितले होते. आमचं सगळं मिळून ₹8,000 च्या आत भागलं, शिडी सोसायटीची. मधे एक अख्खा पावसाळा गेलाय, म्हणून आता लिहिते. दिवाळीत लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

आधी त्या पट्टीचं. हॉलच्या भिंती साधारण 400 चौरस फूट. दुकानदाराने डब्यावरचा हिशोब धरून दोन हातांना 4 लिटर पुरेल म्हणून सांगितलं. पण ताज्या पुट्टीवर (भिंत सपाट करायचा पांढरा लेप), तेही घाईत एकच हात प्रायमर मारलेल्या भिंतीवर, रंग भराभर पिऊन जातो. दुसऱ्या हाताला सोफ्यामागच्या भिंतीचा हातभर पट्टा राहिला आणि डबा संपला. रविवार, ते दुकान बंद. स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानातून त्याच कंपनीचा, त्याच शेड-कोडचा 1 लिटर बनवून आणला. "ताई, कोड तोच आहे, सुकला की मिळून जाईल." नाही मिळाला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही झाकणं घेऊन त्या स्टेशनजवळच्या दुकानात गेले. झाकणावरच्या स्टिकरवर बेस तोच, कोड तोच. त्याचं एकच, उघडलेला डबा परत घेत नाही. नंतर समजलं ते असं: पांढऱ्या बेसमध्ये मशीन रंगाचे मोजके थेंब सोडतं. 1 लिटरच्या डब्यात एखादा थेंब इकडेतिकडे झाला तर तो 4 लिटरपेक्षा जास्त जाणवतो. एवढं त्याने मशीन चालू करायच्या आधी सांगायला हवं होतं. थोडा रंग पुठ्ठ्यावर लावून, सुकवून बघा, एवढं तरी. माझा राग या न सांगण्याचा आहे.

मार्चमध्ये मात्र मी दोन्ही डब्यांच्या तळाशी राहिलेला रंग एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी लावून पाहिला. सुकल्यावर फरक होता, पण भिंतीवर दिसतो त्याच्या निम्माही नाही. मग आठवलं, शनिवारी रात्री रोलर न धुता ठेवला होता, सकाळी तो लाकडासारखा कडक झालेला, म्हणून तो पट्टा मी 4 इंची ब्रशने ओढला. रोलरचा बारीक दाणा उठतो, ब्रशच्या उभ्या रेघा पडतात. ऊन त्यावर तिरपं पडलं की दोन भिंती वाटतात. त्यामुळे त्या दुकानदाराला मी सगळीकडे जे बोलत होते, त्यातलं निम्मं मागे घेते.

पुट्टीबद्दलही माझं मत बदललं. नवऱ्याने खिडकीखालची भिंत पार प्लास्टर दिसेपर्यंत खरवडली, व्हाइट सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात दिले, वाळल्यावर 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासली. घरभर धूळ, दोन दिवस जेवण बाहेरून. मी चिडले होते, दिसेल तेवढंच कर म्हणून. बेडरूममध्ये कपाटामागे त्याने माझं ऐकलं, जुन्या डिस्टेंपरवरच (हात लावला की भुकटी सुटते तो स्वस्तातला रंग) प्रायमर मारला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे फोड आले. एक पोपडा नखाने उचलला तर तळहाताएवढा तुकडा सहज निघून आला. त्याची पुढची बाजू छान मोतिया, नवी. उलटा करून पाहिला तर पाठीला जुन्या डिस्टेंपरची गुलाबी भुकटी चिकटलेली, बोटाला लागणारी. रंग भिंतीला धरलाच नव्हता, त्या भुकटीला धरला होता. कपाटामागे हवा नाही, ओल आली आणि भुकटी सुटली. आणि खिडकीखाली, जिथे दरवर्षी पोपडे निघायचे, तिथे या पावसात एकही फोड नाही. मी रोज हात फिरवून बघायचे.

बाकीचं थोडक्यात. स्वस्तातला रोलर घेऊ नका, त्याचे केस रंगात चिकटून सुकतात. मास्किंग टेप रंग पुरता सुकायच्या आत ओढा, आम्ही दुसऱ्या दिवशी ओढली तर दाराच्या चौकटीपाशी रंगही सोबत सोलून आला. छत स्वतः करायचं असेल तर मान दुखणार. आम्ही लावलेला इमल्शन रंग पुसता येतो, भाचीने काढलेली पेन्सिलची रेघ ओल्या फडक्याने गेली.

पैसे वाचले, हे काम पुन्हा स्वतःच करीन. पण हॉलसाठी आता सगळा रंग एकदम आणणार, दोन डबे असतील तर एका बादलीत ओतून ढवळूनच पहिला हात. आणि कमी पडलाच तर मधेच थांबायचं नाही, कोपऱ्याला येऊन थांबायचं. कोपऱ्यात दोन भिंतींवर प्रकाश तसाही वेगळा पडतो, थोडा फरक असला तरी डोळ्याला कळत नाही. सोफ्यामागची ती एक भिंत या दिवाळीआधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, रोलरने. त्याच्याही आधी बेडरूमचं कपाट पुढे ओढून तो गुलाबी डिस्टेंपर खरवडायचाय, आणि या वेळी खरवडायची पत्ती माझ्या हातात असेल.