सोडा, व्हिनेगर की कोळसा? वास ओळखा, मग ठरवा

फ्रीज उघडला की वास, मिक्सरचं झाकण काढलं की वास, मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम केलं तर दुधाला कालच्या लसणाचा वास. घरात खाण्याचा सोडा असतो, लिंबू असतं, व्हिनेगर असतं. प्रश्न एवढाच की यातलं काय घ्यायचं. बहुतेक जण हाताला लागेल ते घेतात आणि वास गेला नाही की पुढचं. मला विचाराल तर यंत्र कोणतं यापेक्षा वास कसला आहे यावर निवड करावी.

मासळीचा वास ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते आम्लारी आहे. आंबलेलं दूध किंवा खवट लोणी यांच्या वासात ब्युटिरिक आम्लासारखी आम्लं असतात. कांदा-लसणाचा दर्प गंधकयुक्त द्रव्यांचा, तो या दोन्हींत बसत नाही. आणि करपल्याचा वास म्हणजे धुरातल्या अनेक तेलकट द्रव्यांची खिचडी. एवढं कळलं की अर्धी निवड आपोआप होते.

व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. ते मासळीच्या अमाइनला गाठतं आणि त्याचं क्षार करून टाकतं. क्षार हवेत उडत नाही, त्यामुळे नाकापर्यंत येत नाही. मासे शिजवलेल्या किंवा ठेवलेल्या यंत्रासाठी म्हणूनच व्हिनेगर किंवा लिंबू. सोडा इथे फारसा उपयोगी नाही. उलट दूध सांडून आंबलं असेल, तर व्हिनेगर म्हणजे आम्लावर आम्ल. तिथे सोडाच हवा. तो किंचित आम्लारी असल्यामुळे आंबूस वासाची आम्लं त्यात अडकतात. सोडा घेताना डबा नीट बघा: धुण्याचा सोडा वेगळा आणि जहाल असतो, आणि बेकिंग पावडरीत सोड्यासोबत कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, म्हणजे ती इथे बाद.

आता फ्रीजमधल्या त्या सुप्रसिद्ध सोड्याच्या वाटीबद्दल. फ्रीजमध्ये सोड्याचा उघडा खोका ठेवण्याची सवय लोकप्रिय झाली ती १९७२ मध्ये आर्म अँड हॅमर या अमेरिकी ब्रँडने केलेल्या जाहिरातींमुळे. सवय अगदीच खोटी नाही, पण वाटीत फक्त वरचा थर हवेच्या संपर्कात येतो, खालचा सगळा सोडा नुसता बसून असतो. माझ्या फ्रीजमध्ये महिनाभर अशी वाटी होती आणि वासही होता. शेवटी भाजीचा खण पूर्ण बाहेर ओढला, तेव्हा त्याच्या मागे सांडून वाळलेलं दूध सापडलं. ते पुसल्यावर दुसऱ्या दिवशी वास नाही. वाटीने महिनाभरात जे जमलं नाही ते एका फडक्याने केलं. म्हणून सोडा ठेवण्यापेक्षा तो वापरून पुसा: लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. खण, कप्पे, दाराच्या रबराच्या घड्या, आणि पाणी वाहून जाण्याचं ते मागचं बारीक भोक. त्या भोकात आणि काही फ्रीजच्या मागे असलेल्या पाण्याच्या ट्रेमध्ये काय काय साठतं, ते बघितलं की वासाचं कोडं सुटतं. पुसण्याआधी प्लग काढायचा, हे सांगायला नकोच.

पुसूनही थोडा वास उरला, तर ठेवून देण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅममध्ये सूक्ष्म छिद्रांचा मिळून हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. वास आम्लाचा की गंधकाचा याची तो सोड्याइतकी पर्वा करत नाही, द्रव्यं छिद्रांच्या भिंतींना चिकटवून घेतो. कांदा-लसणाच्या आणि करपट वासाला म्हणूनच सोड्यापेक्षा तो बरा. साधा लाकडी कोळसा याच जातीचा, पण त्याचा पृष्ठभाग बराच कमी, त्यामुळे परिणामही कमी. कोळशाची पुरचुंडी उन्हात ठेवली की नव्यासारखी होते, असं सांगतात. ओलावा आणि काही वास उडून जातात, एवढं खरं. पूर्ववत व्हायला मात्र भट्टीचं तापमान लागतं, त्यामुळे काही महिन्यांनी बदलायचीच.

कॉफीची पूड? ती वास घालवण्यापेक्षा झाकते जास्त. ज्यांना फ्रीजला कॉफीचा वास आवडतो त्यांनी ठेवावी. वापरलेली ओली पूड ठेवली तर बुरशी येते, ते वेगळंच.

मायक्रोवेव्हमध्ये मात्र लिंबू आणि व्हिनेगर यांत मी लिंबू घेते. काम दोघांचं जवळजवळ सारखं, पण गरम व्हिनेगरची वाफ घरभर फिरते आणि डोळ्यांना झोंबते. वाडगाभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून तीन-चार मिनिटं उकळायचं आणि दार पाच-दहा मिनिटं बंदच ठेवायचं. खरं काम वाफेचं आहे: भिंतींवर वाळलेली चिकटी ती सैल करते आणि मग फडक्याने निघते. नुसतं पाणी ठेवू नका. गुळगुळीत भांड्यात ते न उकळता उकळबिंदूच्या वर तापू शकतं आणि हलवताच उसळतं. फोडी किंवा लाकडी चमचा आत असला की बुडबुडे धरायला जागा मिळते. करपल्याचा वास असा एका फेरीत जात नाही. तिथे पुसा, दार उघडं ठेवा, कोळसा ठेवा आणि दोन-चार दिवस धीर धरा.

मिक्सरच्या भांड्यात वास बसतो तो पात्यांखाली आणि झाकणाच्या रबरात. तिथे सोड्याची ओलसर पेस्ट अर्धा तास लावून ठेवली की ती घासणीसारखंही काम करते, म्हणून व्हिनेगरपेक्षा सरस. फक्त भांड्याला ॲल्युमिनियमचा भाग असेल तर पेस्ट तिथे लावून ठेवू नका, तो काळवंडतो. मग कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून मिक्सर काही सेकंद फिरवा. झाकण आणि रबर वेगळे काढून पूर्ण वाळवा. कुबट वास बहुधा ओलं झाकण तसंच घट्ट लावल्याने येतो, त्याला उपाय हवेचा.

कुकरच्या सिलिकॉन रिंगबद्दल खरं सांगायचं तर काहीही पूर्ण यशस्वी होत नाही. मसाल्यांची सुगंधी तेलं सिलिकॉनच्या आत मुरतात. व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून उन्हात टाकली तर वास उतरतो, जात नाही. गोड आणि तिखट यांसाठी दोन वेगळ्या रिंगा ठेवणं जास्त शहाणपणाचं. डिशवॉशरमध्ये आधी तळाची जाळी काढून धुवा. किटलीत व्हिनेगरचं पाणी उकळा, पांढरा थरही निघतो.

आता सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याबद्दल. फेस बघायला छान दिसतो, पण तो फक्त कार्बन डायऑक्साइड. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे सोडियम ॲसिटेटचं पाणी उरतं. दोन्ही वापरायचेच असतील तर एकामागून एक, मध्ये पाण्याने पुसून. व्हिनेगर किंवा लिंबू ब्लीचमध्ये मात्र कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. संगमरवरी ओट्यावर व्हिनेगर सांडलं तर लगेच पुसा, दगड खरवडल्यासारखा मंद होतो.

एकच काहीतरी घरात ठेवायचं असेल तर मी सोडा ठेवीन. मासे वारंवार होत असतील तर व्हिनेगर. कोळसा तेव्हाच आणा जेव्हा यंत्र नीट पुसून झालंय आणि तरीही नाक तक्रार करतंय.

आणि वास जळक्या प्लास्टिकचा किंवा तापलेल्या वायरीचा असेल, तर यांपैकी काहीच शोधत बसू नका. प्लग काढा आणि दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा.